ऑर्किडची मुळं कुजली असतील तर लगेच फेकू नका, आधी हे करून बघा

ऑगस्टमध्ये एका रात्री डोंबिवलीहून वहिनीचा फोटो आला. वास्तुशांतीला कोणीतरी दिलेलं पांढऱ्या फुलांचं फॅलेनॉप्सिस जातीचं ऑर्किड, फुलं कधीच गळून गेलेली, पानं पार लुळी पडून कुंडीच्या काठावरून खाली लोंबतायत, आणि खाली मेसेज, "अगं याला रोज पाणी घालतेय तरी तहानलेलंच दिसतंय, अजून वाढवू का?" मी तिला तिथल्या तिथे फोन लावला आणि म्हटलं, वहिनी, आता एक थेंबसुद्धा घालू नकोस, कुंडीतून काढ आणि मुळांचा फोटो पाठव. फोटो आला आणि माझ्या पोटात गोळाच आला, कारण माझं पहिलं ऑर्किड मी अगदी असंच घालवलं होतं, शेवटच्या दिवसापर्यंत पाणी घालत. तेव्हा सांगणारं कोणी नव्हतं. म्हणून आज सगळं सविस्तर लिहितेय, लांबलं तरी चालेल.

यातली मुख्य फसगत आधी समजून घ्या. पान मऊ पडलं, त्यावर उभ्या सुरकुत्या आल्या की पानाला पाणी मिळत नाहीये हे खरंच आहे. पण पाणी न मिळण्याची कारणं दोन असतात, एक तर कुंडीतच पाणी नाही, नाहीतर कुंडीत पाणी भरपूर आहे पण ते ओढून वर न्यायला मुळंच शिल्लक राहिलेली नाहीत. वरून बघितलं तर दोन्ही अगदी सारखं दिसतं. आपल्या हाताला सवय मोगरा, जास्वंद, तुळशीची, पान मलूल दिसलं की तांब्या घ्यायचा आणि ओतायचं, त्यामुळे आपण अजून पाणी घालतो आणि जी दोनचार मुळं तग धरून असतात तीही जातात. म्हणून पान लुळं दिसलं की पाणी घालायच्या आधी मुळं बघायची. नेहमी.

आता मुळं कुजतात का? "जास्त पाण्याने" असं सगळे सांगतात पण ते अर्धवट आहे. आपल्या सह्याद्रीत सीतेची वेणी असते ना, आंबोली, महाबळेश्वरकडे जुन्या झाडांच्या फांद्यांवर, मे-जूनमध्ये गुलाबी-पांढऱ्या फुलांचे घोस लोंबतात, तीसुद्धा ऑर्किडच, मराठीत आमरी म्हणतात. (काही जण तिला बांडगूळ समजून झाडावरून ओरबाडून काढतात, कृपया असं करू नका, बांडगूळ झाडाचा रस शोषतं, ही आमरी फक्त फांदी धरून राहते, झाडाकडून काहीही घेत नाही.) आंबोलीचा पाऊस काय असतो ते सांगायला नको, चार महिने ती वेणी अखंड भिजत असते आणि तरी तिची मुळं कुजत नाहीत, कारण ती उघड्यावर आहेत, पाणी आलं, वाहून गेलं, वारा लागला. फॅलेनॉप्सिसचंही मूळ घर असंच, फिलिपिन्स-इंडोनेशियाकडची दमट जंगलं, तिथे ते झाडांवरच वाढतं. म्हणजे पाण्याने मूळ मरत नाही, मूळ मरतं कोंडल्यामुळे. त्याच्यावर एक पांढरट स्पंजसारखा थर असतो, व्हेलामेन म्हणतात त्याला, पाणी पडलं की भसकन पिऊन घेतो, चांदीसारखं राखाडी दिसणारं मूळ बघता बघता हिरवं होतं. नंतर तो थर वाळायला हवा म्हणजे मुळाला श्वास घेता येतो. घट्ट दाबलेल्या ओल्या मॉसमध्ये (कुंडीत भरतात ते वाळवलेलं शेवाळ) आठ आठ दिवस हवाच पोचली नाही तर मूळ गुदमरून मरतं आणि मग त्या मेलेल्या भागावर बुरशी चढते. बुरशी बहुतेक वेळा नंतर येते, आधी नाही. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप सुचत जातं, प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारायचा, इथे हवा पोचतेय का?

आणि सगळा दोष तुमचा नसतो हेही सांगते. विकायला येणारी बरीच फॅलेनॉप्सिस स्फॅग्नम मॉसमध्ये गच्च कोंबलेली असतात, पॉलिहाउसमध्ये पंखे, मोजून पाणी, सगळं कंट्रोलमध्ये असतं म्हणून तिथे चालतं. तेच रोप आपल्या घरी बंद हॉलमध्ये, वरून बिनभोकाच्या सिरॅमिकच्या शोच्या कुंडीत ठेवलेलं, त्या कुंडीच्या तळाशी दोन बोटं पाणी साचलेलं आणि कुणाला पत्ता नाही. वहिनीच्या कुंडीत अर्धा कप पाणी निघालं, त्याला शिळ्या फुलदाणीच्या पाण्यासारखा वास येत होता.

कुंडीतून न काढता काही अंदाज येतो का, तर येतो. कुंडी पारदर्शक असेल तर भिंतीला चिकटलेली मुळं दिसतात, ती काळपट तपकिरी, चपटी, आतून पाणी भरल्यासारखी दिसतायत का बघा. रोप बुडाशी धरून हलकंसं हलवा, ठोकळ्यासारखं डुगडुगलं तर खाली धरून ठेवणारं फारसं काही उरलेलं नाही. कुंडीभोवती बारीक काळी चिलटं उडत असतील तर आत कायम ओल आहे. आणि वास, वास कधी खोटं बोलत नाही.

अजून एक गोष्ट कात्री हातात घेण्याआधीच बघून घ्या. सगळ्यात वरचं, मधलं कोवळं पान हलकेच ओढा. ते अलगद हातात आलं आणि त्याचं बूड काळं, चिकट असेल तर मुळांपेक्षा मोठी भानगड आहे, शेंडा कुजलाय. फॅलेनॉप्सिस एकाच शेंड्यावर वाढतं, तो गेला की त्या खोडाला पुढे पान येत नाही. कधी कधी बुडातून नवीन पिल्लू फुटतं, तेव्हा तशा रोपालाही मी एकदम टाकून देत नाही, पण आशा कमी ठेवायची. शेंडा टणक आणि हिरवा असेल तर मात्र मुळं कितीही वाईट दिसली तरी प्रयत्न करायचाच. वहिनीच्या रोपाचा शेंडा ठणठणीत होता. शनिवारी ती ते कापडी पिशवीत घालून ट्रेनने पुण्याला घेऊन आली, मांडीवर ठेवून.

तयारी फार काही लागत नाही. एक धारदार कात्री, स्पिरिट किंवा ७० टक्केवालं आयसोप्रोपिल अल्कोहोल, ते नसेल तर कात्रीची पाती गॅसवर नीट तापवून गार करून घ्या. जुने पेपर, कोमट पाण्याची बादली, थोडी दालचिनी पूड, नवीन मीडिया (म्हणजे मातीऐवजी कुंडीत भरायचं मिश्रण) आणि मुळं जेवढी उरतील त्या मापाची छोटी कुंडी. कुंडी उरलेली मुळं मोजल्याशिवाय आणू नका, दर वेळी आपण मोठीच आणतो.

रोप ओढून काढायचं नाही. कुंडी सगळ्या बाजूंनी हाताने चेपा, मॉस घट्ट असेल तर अख्खी कुंडी पंधरा मिनिटं कोमट पाण्यात बुडवून ठेवा, सैल होतं. तरी निघेना तर प्लास्टिकची कुंडी कापून टाका, मुळांपेक्षा कुंडी महाग नाही. मग बोटांनी हळूहळू मॉस सोडवत यायचं आणि अगदी मध्यभागापर्यंत जायचं, इथे कंटाळा करू नका, कारण रोप लहान असताना ते ज्या मॉसच्या किंवा स्पंजच्या छोट्या गोळ्यात लावलेलं असतं तो गोळा बऱ्याचदा तसाच खोडाच्या बुडाशी राहिलेला असतो, बाहेरचं सगळं कोरडं झालं तरी तो ओलाच. कधी कधी त्याला प्लास्टिकची बारीक जाळीची टोपली पण असते. वहिनीच्या रोपात सुपारीएवढा काळा गोळा निघाला आणि सगळी सड तिथूनच बाहेर पसरलेली होती. तो राहिला असता तर बाकीची सगळी मेहनत फुकट होती.

आता नळाच्या बारीक धारेखाली मुळं धुवा, पेपरवर पसरा आणि एकेक मूळ अंगठा आणि तर्जनीत धरून चेपत जा. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, बोटांवर ठेवा. कुंडीच्या आत असलेली मुळं उजेड न मिळाल्याने पिवळट, तपकिरी असू शकतात, मॉसचा डाग लागलेला असतो, पण चेपली की टणक लागतात, ती जिवंत आहेत, त्यांना हात लावायचा नाही. मेलेलं मूळ चेपलं की पचकन पाणी येतं आणि वरचं साल सरकतं. डाळिंब्या सोलताना कसं, भिजलेला वाल दोन बोटांत दाबला की साल हातात आणि दाणा बाहेर, अगदी तसंच, फक्त इथे दाण्याऐवजी आत एक बारीक दोऱ्यासारखी शीर उरते. तिसरा प्रकार म्हणजे कागदासारखं पोकळ, चपटं, कोरडं मूळ, तेही गेलेलंच, ते बहुधा जुनं मेलेलं असतं.

मेलेला भाग कापायचा, पण सरसकट नाही. एखादं मूळ टोकाला सडलंय आणि खोडाजवळ दोन इंच टणक आहे तर ते दोन इंच ठेवायचे, त्यातूनही नवीन फांद्या फुटतात. काप हिरव्या-पांढऱ्या निरोगी भागात यावा, कापलेल्या तोंडाशी तपकिरी ठिपका दिसला तर अजून थोडं मागे या. प्रत्येक दोनतीन कापांनंतर कात्री पुन्हा स्पिरिटने पुसा, नाहीतर सड एका मुळातून दुसऱ्यात आपणच नेतो. खोडाच्या अगदी तळाशी काळा, वाळका दांडा उरलेला असेल तर तोही पांढरा भाग दिसेपर्यंत कापून टाका. वहिनीच्या रोपाची चौदा मुळं होती, कापून झाल्यावर तीन उरली, त्यातलं एक जेमतेम करंगळीएवढं. वहिनी बाजूला बसून बघत होती, ती म्हणाली, "अगं सगळंच कापलंस की, आता जगणार कशावर?" मी म्हटलं, ती अकरा मुळं त्याला पाणी देत नव्हतीच, नुसती सड पसरवत होती.

कापलेल्या तोंडांना दालचिनी पूड लावायची, कान कोरायच्या काडीने किंवा बोटाने, फक्त तोंडांना. अख्ख्या मुळांवर भुरभुरायची नाही, दालचिनी कोरडं करते, त्यामुळे जखमेवर चांगली आणि जिवंत मुळावर वाईट. हळद लावली तरी चालते असं आई म्हणते आणि तिने तिच्या झाडांना लावलेली आहे, मी स्वतः दालचिनीवरच आहे. सड फार पसरली असेल तर बुरशीनाशक घ्यावं लागतं, कृषी सेवा केंद्रात कार्बेन्डाझिम आणि मँकोझेब एकत्र असलेली पावडर मिळते, साफ नावाने तर सगळीकडेच, २ ग्रॅम एका लिटर पाण्यात कालवून त्यात मुळं दहा मिनिटं बुडवायची. ते विष आहे हे विसरू नका, हातमोजे घाला, तोंडाला फडकं बांधा, स्वयंपाकाचं भांडं-चमचा वापरू नका, लहान मुलं आणि मांजरं लांब. आणि हायड्रोजन पेरॉक्साइड ओतून फेस बघत बसायचा प्रकार व्हिडिओंमध्ये फार चालतो, मला तो पटत नाही, त्याला सडलेला भाग आणि निरोगी मूळ यातला फरक कळत नाही, चांगल्या मुळाची कोवळी टोकंही भाजतात.

मग रोप तसंच उघडं, सावलीत, वारा लागेल असं ठेवा. लगेच लावायची घाई अजिबात नको. उन्हाळ्यात चारपाच तास पुरे, पावसाळ्यात मी रात्रभर ठेवते, पंखा समोर पण अंगावर नाही. जखमा सुकल्या पाहिजेत. एक रात्र मुळं उघडी राहिली म्हणून काही होत नाही.

आता फुलांचा दांडा. असेल तर कापा. मला माहितीये जिवावर येतं, पण ज्याला पानं जगवायला पाणी पुरत नाही त्याने फुलं कुठून जगवायची? दांडा बुडापासून एक इंच सोडून कापा आणि फुलं असतील तर पाण्यात ठेवा, फुलदाणीत छान राहतात.

मीडियाबद्दल जरा सविस्तर, कारण इथेच पुन्हा चूक होते. माती नाही, शेणखत नाही, कोकोपीट तर अजिबात नाही, कोकोपीट ओलं होऊन चिखलासारखं बसतं. हवं ते मोठं, खडबडीत, मध्ये फटी राहतील असं. पाइन बार्कचे, म्हणजे पाइनच्या झाडाच्या सालीचे, पाऊण-एक इंचाचे तुकडे सगळ्यात बरे, ऑनलाइन मिळतात. त्यात थोडा लोणारी कोळसा, सुपारीएवढे तुकडे करून, आणि तळाला चारपाच विटांचे तुकडे. नारळाच्या सोडणाचे तुकडे स्वस्त पडतात, कोकणातल्या लोकांना तर फुकट, पण ते दोनतीन दिवस पाणी बदलत भिजवून घ्या कारण त्यात क्षार असतात, आणि ते बार्कपेक्षा जास्त ओल धरतात, त्यामुळे मुंबई-रत्नागिरीकडे कमी आणि नागपूर-छत्रपती संभाजीनगरकडे थोडे जास्त चालतील. बार्कसुद्धा रात्रभर भिजवून निथळून वापरायची, कोरडी बार्क पाणी धरतच नाही. मॉस वाईट असतं असं नाही, पण ते दाबून भरायचं नाही आणि दमट गावात नुसतं मॉस नको.

कुंडी पारदर्शक प्लास्टिकची घ्या, आत काय चाललंय ते दिसतं. मी श्रीखंडाचे डबे वापरते, तापलेल्या खिळ्याने तळाला आठदहा आणि बाजूंनाही तेवढीच भोकं पाडून. माप असं की उरलेली मुळं आत बसली की कडेला बोटभरच जागा राहावी. वहिनीच्या तीन मुळांना चार इंचाची कुंडीसुद्धा जास्त झाली असती, अर्धा किलोच्या श्रीखंडाच्या डब्यात लावलं. रोप मध्यभागी धरायचं, बार्क हळूहळू सोडत कुंडी टेबलावर आपटत जायचं म्हणजे तुकडे बसतात, दाबायचं नाही. सगळ्यात खालच्या पानाचं बूड मीडियाच्या वर राहिलं पाहिजे, पुरलं की ते सडतं. मुळं कमी असल्याने रोप हलत राहतं आणि हललं की नवीन मुळाचं कोवळं टोक घासून मोडतं, म्हणून बांबूची काडी खोवून सुतळीने सैल बांधून टाका. ही छोटी गोष्ट वाटते पण मी यामुळे एक रोप दोन महिने मागे गेलेलं बघितलंय.

आणि मुळं अजिबात उरलीच नाहीत तर? किंवा एखादं बोटभर? तेव्हा कुंडीत लावून उपयोग नाही, पाणी पिणार कोण. तेव्हा पानांतून जाणारं पाणी थांबवायचं, म्हणजे भोवतीची हवा दमट ठेवायची. स्वच्छ पारदर्शक मोठा डबा किंवा झिपवाली मोठी पिशवी घ्या, तळाला भिजवून घट्ट पिळलेलं मॉस, पिळल्यावर एक थेंबही पडता कामा नये, त्यावर रोप आडवं किंवा तिरकं, बुडाला मॉसचा नुसता स्पर्श, पुरायचं नाही. झाकण लावून भरपूर उजेडात ठेवा पण ऊन नको, बंद पिशवीवर ऊन आलं तर तासाभरात रोप उकडून निघतं. दोन दिवसांआड उघडून दहा मिनिटं वारा द्या, बुरशी दिसली तर पुसा, मॉस बदला. मूळ यायला कधी महिना कधी तीनचार महिने, तोवर पानं सुरकुतलेलीच राहतात. हा प्रकार पुण्यात हिवाळा-उन्हाळ्यात किंवा विदर्भात कामाचा, ऐन पावसाळ्यात कोकणपट्टीत हवाच इतकी दमट असते की पिशवीची गरज नाही, उघड्या डब्यात ठेवलं तरी पुरतं, उलट बंद केलं तर पुन्हा कोंडमारा.

लावल्यावर पहिले तीनचार दिवस पाणी नाही. नंतर पाणी कधी, याला "आठवड्यातून एकदा" असं उत्तर देणाऱ्यांचं ऐकू नका. आमच्याकडे पुण्यात एप्रिलमध्ये तेच रोप तिसऱ्या-चौथ्या दिवशी मागतं आणि जुलैमध्ये दहाबारा दिवस मागत नाही. मुळांचा रंग बघा, हिरवी असतील तर थांबा, चांदीसारखी झाली की घाला. सकाळीच घालायचं. डबा दहा मिनिटं पाण्यात बुडवून ठेवायचा, उचलायचा, सिंकमध्ये पूर्ण निथळू द्यायचा, ताटलीत पाणी राहू द्यायचं नाही. पानांच्या मधल्या खोबणीत पाणी गेलं तर टिश्यूच्या टोकाने टिपून घ्या, तिथे रात्रभर साचलं तर शेंडा कुजायला तेवढं पुरतं. बर्फाचे खडे ठेवायचा सल्ला दिसतो हल्ली, उष्ण जंगलातलं झाड आहे ते, कशाला? बोअरचं जड पाणी असेल तर पावसाचं साठवून वापरा, मुळांवर आणि कुंडीवर पांढरा थर दिसायला लागला की समजायचं क्षार साचतायत.

जागा म्हणाल तर पूर्वेची खिडकी, पातळ पडद्याआड, हवा खेळती. रोपावर हाताची सावली अंधुक पडली पाहिजे, ठसठशीत पडली तर ऊन जास्त. खत? नाही. मला रोज कोणी ना कोणी विचारतं, अशक्त आहे तर ताकद द्यायला काही घालू का. ज्याला मुळंच नाहीत ते खत घेणार कशाने, उलट क्षारांनी उरलेली टोकं करपतात. नवीन मुळाचं हिरवं किंवा लालसर चकचकीत टोक दिसेपर्यंत नुसतं पाणी. त्यानंतर १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत घ्या, एका लिटरला पाव ते अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, आधी साध्या पाण्याने मुळं भिजवून मग.

आता सगळ्यात अवघड भाग म्हणजे वाट बघणं. खालची एकदोन पानं पिवळी पडून गळतील, गळू द्या, रोप त्यातलं पाणी वर घेत असतं, ओढून काढू नका. सुरकुतलेली जुनी पानं पूर्वीसारखी ताठ होतीलच असं नाही, त्यावरून निकाल लावू नका. वहिनीच्या रोपाने सप्टेंबर अख्खा काहीही केलं नाही. वहिनी दर रविवारी विचारायची आणि मी फोटो पाठवायचे, सगळे फोटो सारखेच. मग ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सकाळी पाणी घालताना खालून दुसऱ्या पानाच्या बगलेत खोड किंचित फुगल्यासारखं दिसलं, चार दिवसांनी तिथे साल फाटून पोपटी टोक बाहेर आलं, मुगाला मोड येतो तेवढं. खरं सांगते, मी त्या दिवशी ऑफिसला उशिरा गेले. दिवाळीपर्यंत अशी तीन झाली आणि डिसेंबरात मधून नवीन पान निघालं, जुन्या पानांपेक्षा छोटं पण ताठ.

फुलांची घाई पहिल्या वर्षी करू नका. दांडा आलाच तर ओळखायचा कसा, मुळाचं टोक गोल गुळगुळीत असतं आणि दांड्याचं टोक चपटं, हातमोजाच्या अंगठ्यासारखं. रोपाला ताठ पानं चार आणि मुळं पाचसहा झाली नसतील तर मी तो दांडा खुडते. नंतर फुलांसाठी रात्रीचा गारवा लागतो, काही आठवडे तापमान २५ अंशांच्या खाली राहिलं की दांडा धरतो, पुण्या-नाशकात ते दिवाळीनंतर आपसूक होतं. मुंबई-डोंबिवलीत थंडी उशिरा आणि थोडी, तिथे डिसेंबर-जानेवारीत रात्री खिडकीशी ठेवा, एसीच्या थेट झोतात नको.

वहिनीला रोप परत दिलं ते पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीत, सहा पानं, मुळं डब्याच्या भोकांतून बाहेर आलेली. तिला मुळांचा रंग बघून पाणी घालणं जमत नाही, तिला भीती वाटते, पुन्हा जास्त होईल. तर तिच्याकडे केकसाठीचा छोटा वजनकाटा आहे. पाणी घालून निथळलेल्या डब्याचं वजन केलं, ४१० ग्रॅम. मग मुळं चांदीसारखी झाली त्या दिवशी केलं, ३०० भरलं. दोन्ही आकडे मार्करने डब्यावरच लिहून दिले. आता ती अधूनमधून डबा काट्यावर ठेवते, ३०० च्या आसपास आलं की बुडवते, नाहीतर उचलून परत खिडकीत. रोप वाढतं तसं वजन बदलतं म्हणून दर दोन महिन्यांनी आकडे नव्याने लिहायला सांगितलेत, परवाच तिने नवीन पाठवले, ४३५ आणि ३२०.